ज्या ओळखीला शब्दच नव्हता: पश्चिम बर्लिनमधलं एक प्रकरण, १९८४ ते १९९२

हे प्रकरण जर्मनीतलं आहे. ज्यांचं नाव पुस्तकांमुळे आणि सार्वजनिक कामामुळे आधीच जगासमोर आहे त्यांची नावं इथे दिली आहेत. वर्गात बसलेल्या, कविता ऐकायला आलेल्या आणि मग थांबलेल्या बाकीच्या बायकांची नावं आणि गावं वगळली आहेत. ‘कृष्णवर्णीय’ हा सोज्वळ शब्द बाजूला ठेवून मी ‘काळ्या’ असंच लिहिलं आहे, कारण या बायकांनी स्वतःसाठी तोच शब्द निवडला होता.

पार्श्वभूमी

ऑड्री लॉर्ड या अमेरिकन कवयित्री. जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. काळी, लेस्बियन, आई, लढणारी, कवी अशी स्वतःची ओळख त्या सगळी एका दमात सांगत. यातलं एखादंच सांगा, बाकीचं घरी ठेवून या, असं चळवळींनी त्यांना वारंवार सुचवलं होतं आणि त्यांनी ते कधीच मानलं नव्हतं.

१९८० साली कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांची महिला परिषद भरली. तिथे डागमार शुल्त्स या जर्मन स्त्रीवादी प्राध्यापिकेशी त्यांची गाठ पडली. शुल्त्स बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवत आणि एक छोटं स्त्रीवादी प्रकाशनही चालवत. त्याच प्रकाशनाने १९८३ मध्ये लॉर्ड आणि दुसऱ्या एक अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांचे लेख एकत्र करून जर्मनमध्ये छापले. लॉर्ड यांनी एक सत्र पाहुण्या प्राध्यापक म्हणून यावं यासाठीही शुल्त्स यांनीच खटपट केली.

आता ज्यांच्यावर हे प्रकरण आहे त्यांच्याबद्दल. जर्मनीत काळी माणसं कालपरवा आलेली नव्हती. १८८४-८५ पासून कॅमेरून, टोगो, आजचा नामिबिया आणि पूर्व आफ्रिकेचा मोठा पट्टा जर्मन वसाहतीत होता. तिथून माणसं आली, काहींनी इथेच संसार थाटले. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईन नदीच्या पट्ट्यात फ्रेंच सैन्य आलं. त्यातल्या आफ्रिकी सैनिकांची मुलं जर्मन आयांच्या पोटी जन्मली. १९३७ मध्ये नाझी राजवटीने ती मुलं शोधून काढून त्यांची सक्तीने नसबंदी केली. नोंदीत सापडलेली संख्याच किमान ३८५ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ्या अमेरिकन सैनिकांची मुलं जन्मली. ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा, १९५२ मध्ये, पश्चिम जर्मनीच्या संसदेत त्यांच्यावर चर्चा झाली. मुलं सुमारे तीन हजार. त्यांना इथली हवा तरी मानवेल का, असा सूर त्या चर्चेत निघाला. जर्मन आईच्या पोटी, जर्मन गावात जन्मलेल्या मुलांबद्दल हे बोललं जात होतं, हे लक्षात घ्यायला हवं.

अडचण

अडचण गरिबीची नव्हती, निदान आधी नव्हती. या काळ्या जर्मन बायकांपैकी बहुतेकजणी एकेकट्या वाढल्या होत्या. कुणी बालगृहात, कुणी सांभाळायला घेतलेल्या गोऱ्या कुटुंबात, कुणी एकट्या आईजवळ. शाळेत, गल्लीत, आख्ख्या गावात काळी अशी ती एकटीच. आपल्यासारखं दुसरं कुणी असेल हे तिच्या डोक्यातही येत नसे. त्यामुळे जे घडायचं ते आपल्याच नशिबाचं आणि आपल्याच चुकीचं, असं वाटायचं.

मे आयिम या काळ्या जर्मन कवयित्रीची एक कविता आहे, अफ्रो-जर्मन असण्यावरची. तिच्यात फक्त समोरची गोरी बाई बोलते. हे मिश्रण किती छान, असं कौतुक करते, स्वतःच निष्कर्ष काढते, सल्ला देते. कवयित्री काय उत्तर देते ते कवितेत कुठेच नाही, तिच्या उत्तरांच्या जागी नुसती टिंबं आहेत. मला वाटतं, ही अडचण इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी मांडलेली नाही. ‘तुम्ही जर्मन किती छान बोलता!’ हे कौतुक ऐकून जिची मातृभाषाच जर्मन आहे तिने काय म्हणायचं? ‘मूळच्या कुठल्या?’ या प्रश्नावर जन्मगाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘नाही, पण खरं कुठल्या?’ आणि त्यामागोमाग ‘परत कधी जाणार?’

कायदाही याच बाजूचा. १९१३ च्या कायद्यानुसार जर्मन असणं रक्तावर ठरत होतं. लग्न झालेल्या जर्मन बाईचा नवरा परदेशी असला, तर १९७५ पर्यंत मुलांना बापाचंच नागरिकत्व मिळे. त्या जमिनीवर जन्मलात म्हणून नागरिक, ही तरतूद यायला २००० साल उजाडलं.

त्यात भाषेत शब्दही नव्हता. जे होते ते सगळे दुसऱ्यांनी लादलेले. ‘मिश्लिंग’ म्हणजे संकर. हा शब्द कुत्र्यांनाही लावत आणि नाझी कायद्यात अर्ध्या ज्यू माणसांनाही. शिवाय गोऱ्या-काळ्या आईबापांच्या मुलांसाठी ‘मुलाट’, आणि सैनिकांच्या मुलांसाठी ‘कब्जाची पोरं’ अशा अर्थाचा शब्द. यातला कुठला शब्द घेऊन एखादी बाई स्वतःची ओळख करून देणार?

समोरचे पर्याय

पहिला निर्णय लॉर्ड यांना एकटीने घ्यायचा होता आणि तो जिवाशी निगडित होता. १९७८ मध्ये त्यांचा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला होता. १९८४ च्या सुरुवातीला यकृतात गाठ दिसली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना लगेच तुकडा काढून तपासायचा होता. लॉर्ड यांनी नकार दिला आणि ठरल्याप्रमाणे बर्लिनला निघाल्या. वैद्यकीय सल्ला म्हणून या निर्णयाकडे कुणी पाहू नये. तो त्यांचा, त्यांच्या शरीराबद्दलचा निर्णय होता आणि त्याची कारणं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवली आहेत. पण तो नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. बर्लिनला त्यांना पर्यायी उपचार करणारे एक डॉक्टरही भेटले, आणि त्यामुळे १९९२ पर्यंत त्या पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने तिथे येऊन राहिल्या.

दुसरा निर्णय होता बोलायचं कुणाशी. ऐकायला येणारा समुदाय बहुतांशी गोऱ्या स्त्रीवाद्यांचा होता. त्यांच्या मनात लॉर्ड यांच्याबद्दल आदर होता, सभागृहं भरत होती. अमेरिकेतल्या वंशभेदाबद्दल दोन तास बोलायचं, टाळ्या घ्यायच्या, निघायचं. पाहुण्यांकडून एवढीच अपेक्षा असते, आणि तसं झालं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. लॉर्ड यांनी मात्र आल्यापासून एकच विचारायला सुरुवात केली: या देशातल्या काळ्या बायका कुठे आहेत? त्या कोण आहेत?

तिसरा निर्णय काळ्या जर्मन मुलींचा. गोऱ्या स्त्रीवादी गटांत राहून आतून बदल घडवायचा, की अमेरिकेतल्या काळ्या चळवळीचं बोट धरायचं, की आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या संघटनांत जायचं, की आपलं वेगळं काही उभं करायचं? प्रत्येक वाटेला अडथळा होता. गोऱ्या गटांत वंशभेदाचा विषय निघाला की ‘तो अमेरिकेतला प्रश्न’ असं म्हणून बाजूला पडे. आफ्रिकी संघटनांत त्या ‘जर्मन’ ठरत. अमेरिकन इतिहास तर त्यांचा नव्हताच.

काय केलं

वर्ग होता काळ्या अमेरिकन कवयित्रींच्या कवितांवर. त्यात काही काळ्या जर्मन तरुणी येऊन बसू लागल्या. कॅथरिना ओगुन्टोये त्यांतल्या एक. वर्गाबाहेर, काव्यवाचनांच्या वेळी, लॉर्ड एक गोष्ट करत. कार्यक्रम संपला की गोऱ्या श्रोत्यांना बाहेर जायची विनंती करत आणि काळ्या बायकांना थांबायला सांगत.

हा प्रसंग डोळ्यासमोर आणून बघा. सभागृह रिकामं होतंय, खुर्च्या सरकताहेत, काहीजणी दुखावल्या चेहऱ्याने बाहेर पडताहेत. मागे चारपाचजणी उरतात. प्रत्येकीला इतकी वर्षं वाटत आलेलं असतं की आपण एकट्याच आहोत. आणि कवयित्री त्यांना म्हणते, माझ्याशी नंतर बोला, आधी एकमेकींशी बोला. या प्रकरणातला कळीचा निर्णय मला विचाराल तर हाच. स्वतःभोवती भक्त गोळा करणं सोपं होतं. लॉर्ड यांनी खोलीच्या मध्यातून बाजूला होऊन त्यांची तोंडं एकमेकींकडे वळवली.

बाहेर काढलेल्या गोऱ्या बायकांवर अन्याय झाला का? तेव्हाही हा प्रश्न विचारला गेला. लॉर्ड त्यांच्याशी वेगळं बोलत, आणि बोलणं मऊ नसे. तुमचा वंशभेद आणि तुमच्या घरातला ज्यूद्वेष यांच्याशी तुमचं तुम्ही भिडा, हे काम काळ्या बायकांवर टाकू नका, असा त्यांचा आग्रह असे. अपराधीपणाने रडत बसण्याचा त्यांना राग होता. त्यातून काही हलत नाही, असं त्या म्हणत.

मग शब्द. ‘अफ्रो-अमेरिकन’च्या धर्तीवर ‘अफ्रो-डॉइच’, म्हणजे अफ्रो-जर्मन, हा शब्द लॉर्ड यांच्याबरोबरच्या या गप्पांतून घडला. वर्गातल्या त्या मुलींनी तो स्वतःसाठी उचलला आणि त्याच्या जोडीला ‘काळ्या जर्मन’ हाही. जोडशब्दात दोन्ही अर्धे शाबूत होते. अर्धं-अर्धं नव्हे, दोन्ही पूर्ण. ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’ ही दुसऱ्यांनी दिलेली नावं नाकारून ‘दलित’ हा शब्द ज्या समाजाने ताठ मानेने स्वतःसाठी घेतला, त्या समाजाच्या शेजारी राहून मोठं झालेल्या मराठी वाचकाला नाव घेण्यातलं हे बळ समजावून सांगायची गरज नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनेही अमेरिकेतल्या काळ्या चळवळीचं नाव घेतलं आणि आशय आपला भरला.

चौथी पायरी लिहिण्याची. लॉर्ड यांचा धोशा होता: तुमचं तुम्ही लिहा, नाहीतर दुसरं कुणी तरी तुमच्याबद्दल लिहील. इथे मे आयिम येतात. जन्म १९६० चा, हॅम्बर्गचा. वडील घानाचे, आई जर्मन. गोऱ्या कुटुंबात वाढलेल्या, आणि त्या कुटुंबाचं ओपिट्स हे आडनाव तेव्हा लावणाऱ्या. रेगेन्सबुर्गला शिकत असताना त्यांना आपल्या प्रबंधासाठी अफ्रो-जर्मन लोकांचा इतिहास हा विषय हवा होता. तिथले प्राध्यापक म्हणाले, वंशभेद अमेरिकेत असेल, आजच्या जर्मनीत नाही. हे उत्तर मिळाल्यावर विषय बदलणारे विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आयिम यांनी विषय ठेवला, प्राध्यापक बदलला. बर्लिनमध्ये त्यांना परीक्षक मिळाल्या.

आता प्रबंध ग्रंथालयात पडू द्यायचा, की पुस्तक करायचं? पुस्तक करायचं तर नुसता इतिहास, की माणसंही? ओगुन्टोये, आयिम आणि शुल्त्स या तिघींनी मिळून दोन्ही केलं. प्रबंधातला इतिहास कणा म्हणून ठेवला आणि त्याभोवती बायकांच्या कहाण्या, गप्पा आणि कविता रचल्या. यात कॅमेरूनच्या बापाच्या आणि पूर्व प्रशियातल्या आईच्या दोन वयस्क बहिणीही आहेत. त्यांनी नाझी काळ स्वतः काढला होता, आणि वयाने त्या या मुलींच्या आज्या शोभल्या असत्या. या मुलींना त्याआधी आपल्या रंगाची आजी असू शकते हेच ठाऊक नव्हतं.

पुस्तक १९८६ मध्ये शुल्त्स यांच्या प्रकाशनाने काढलं, प्रस्तावना लॉर्ड यांची. नाव ‘फार्बे बेकेनेन’. हा जर्मन वाक्प्रचार पत्त्यांच्या डावातला आहे. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचं पान टाकायचं, हातात असून लपवायचं नाही. त्यावरून अर्थ आला, आपली बाजू उघडपणे सांगणं. आणि इथे ‘रंग’ हा रंगही आहेच. नाव ठेवावं तर असं!

वाचताना मला सारखी एक आठवण येत राहते. त्याच दशकात आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहीत होत्या. दोन्हीकडच्यांना एकमेकींची गंधवार्ता असल्याचं कुठे दिसत नाही. तरी इतिहास आणि मुलाखती एकत्र बांधायची रीत दोन्हीकडे तीच निघाली, कारण दोन्हीकडे कागदावर त्यांची नोंदच नव्हती. विचारायचं तर जिवंत माणसालाच.

काय झालं

पुस्तक निघेपर्यंत गाठीभेटी सुरू झाल्या होत्या. १९८५ पासून देशभरातली काळी माणसं दरवर्षी एकत्र भेटू लागली. काळ्या जर्मनांची ‘आयएसडी’ ही संघटना उभी राहिली, आणि १९८६ मध्ये बायकांची ‘आडेफ्रा’. आयुष्याची तीस-चाळीस वर्षं आपल्यासारखं माणूस न पाहिलेल्यांनी खोलीभर माणसं पाहिली. त्यांतल्या इका ह्यूगल-मार्शल यांचा जन्म १९४७ चा, बालगृहात वाढलेल्या. त्या चाळिशीला टेकल्या होत्या तेव्हा त्यांना दुसरे काळे जर्मन भेटले. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि अमेरिकेत जाऊन बापालाही शोधून काढलं.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. जगाने नाच पाहिला, काळ्या बर्लिनकरांनी रस्त्यावर बदललेल्या नजरा पाहिल्या. ‘आम्ही एक लोक’ या घोषणेत आपण आहोत की नाही, हे त्यांना फार लवकर कळलं. १९९० मध्ये एबर्सवाल्डं इथे अमादेउ अन्तोनियो या अंगोलाच्या कामगाराला जमावाने मारलं. ड्रेस्डनमध्ये कविता वाचून हॉटेलवर परतताना सहा वर्षांत पहिल्यांदाच इथे भीती वाटली, असं लॉर्ड यांनी लिहिलं आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टोकला आश्रय मागायला आलेल्यांच्या आणि व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीवर हल्ला झाला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लॉर्ड आणि त्यांच्या जोडीदार ग्लोरिया जोसेफ यांनी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांना उघड पत्र लिहिलं. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर लॉर्ड गेल्या.

चळवळ मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. पुस्तक इंग्रजीत आलं, जर्मनमध्ये पुन्हा पुन्हा निघालं, २०२० मध्ये नव्याने निघालं. ओगुन्टोये इतिहासकार झाल्या. आयिम यांनी वाणीदोषांवर उपचार करण्याचं शिक्षण घेतलं आणि त्या क्षेत्रातल्या वंशभेदावरही लिहिलं. १९९५ मध्ये त्यांचा कवितासंग्रह आला. २०१० साली क्रॉइत्सबर्ग भागातल्या नदीकाठाला त्यांचं नाव मिळालं. तिथे आधी ग्र्योबेन नावाच्या माणसाचं नाव होतं, ज्याने १६८३ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर ब्रांडेनबुर्गचा किल्ला उभारला, जिथून पुढे गुलामांचा व्यापार चालला. घानाच्या बापाच्या लेकीने ती पाटी उतरवली. २०२४ मध्ये त्याच भागातल्या एका रस्त्याच्या तुकड्याला ऑड्री लॉर्ड यांचं नाव दिलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

नावापासून सुरू करू. ‘जर्मन’ हा शब्द हक्काने घेणं ही त्या घडीची गरज होती, पण त्याने एक दार बंदही केलं. जर्मनीत वाढलेली, पण नागरिकत्व नसलेली आफ्रिकी माणसं त्या नावात बसत नव्हती. रस्त्यावर मारणारा कागदपत्रं विचारून मारत नाही. हे कळायला वेळ लागला आणि पुढे ‘आयएसडी’ने आपल्या नावातलं ‘काळे जर्मन’ काढून ‘जर्मनीतली काळी माणसं’ असं केलं. १९८६ मध्येच हे सुचलं असतं का? मला शंका आहे. ज्याला घरातच नाही म्हटलं गेलंय, तो आधी घर माझं म्हणतो. पाहुण्यांची सोय त्याला नंतर सुचते.

पूर्व जर्मनीचं मात्र आधी करता आलं असतं. भिंतीपलीकडेही काळ्या जर्मन मुली वाढत होत्या, मोझांबिकचे कामगार राबत होते. पुस्तक मुख्यतः पश्चिमेचं राहिलं. सीमा अवघड होती हे खरं, पण पश्चिम बर्लिनमधून दिवसभराचा परवाना काढून पलीकडे जाता येत होतं. ती ओळख आधी झाली असती तर १९९० च्या हल्ल्यांच्या वेळी दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची दारं माहीत असती.

प्रकाशनाबद्दल मतं दोन आहेत. काळ्या बायकांच्या पहिल्या पुस्तकाच्या संपादनात आणि छपाईत गोरी बाई का, असं विचारणं रास्त आहे. माझ्या मते त्या वेळी दुसरी छपाई उपलब्ध नव्हती. आणि शुल्त्स यांनी पुढे ध्वनिमुद्रणं, फोटो, चित्रीकरण जपून ठेवलं नसतं तर आज आपल्यासमोर हे काहीच नसतं. पण पहिल्या आवृत्तीनंतर काळ्या बायकांचं स्वतःचं प्रकाशन उभारण्यासाठी पैसा आणि माणसं लावली असती तर पुढच्या पुस्तकांची वाट सोपी झाली असती.

राहिला सर्वांत जड भाग. आयिम कविता लिहीत, शिकवत, संघटना बांधत, देशोदेशी बोलायला जात. काळ्या जर्मनांबद्दल कुणाला काही हवं असलं की बोलावणं त्यांनाच. लॉर्ड गेल्यावर त्यांनी त्यांच्यावर शोककविता लिहिली आणि पुन्हा कामाला लागल्या. १९९६ च्या जानेवारीत त्या खचल्या, इस्पितळात दाखल झाल्या. आजारपणात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं. ९ ऑगस्ट १९९६ ला त्यांनी जगाचा निरोप घेतला. वय ३६. त्यामागे एकच कारण शोधणं त्यांच्यावर अन्याय होईल. तरी चळवळीच्या बाजूने विचारायला हवं: बोलावणी वाटून घेता आली नसती का? प्रत्येक व्यासपीठावर दोघी-तिघींनी जायचं, दौऱ्यानंतर सक्तीची सुट्टी, आणि काळ्या रुग्णाचं म्हणणं ‘संवेदनशीलता’ म्हणून झटकणार नाही अशा डॉक्टरांची यादी, एवढं तरी संघटनेच्या पहिल्या वर्षातच बसवता आलं असतं. लॉर्ड यांनी स्वतःच्या आजारपणाबद्दल इतकं उघड लिहून ठेवलं होतं. स्वतःला जपणं ही चैन नाही, तोही लढाईचाच भाग आहे, हे त्यांनी त्याच आजारपणात लिहिलं होतं. ते वाक्य सगळ्यांनी वाचलं होतं. त्याचं वेळापत्रक कुणी केलं नाही.